बेडकीचा पाला आणि कोल्हारचा गूळ

शिवाजीनगरच्या स्थानकावरून नगरची सकाळची एस. टी. सुटली तेव्हा माझ्याजवळ एक वळकटी, एक रिकामे गोणपाट, वनस्पती दाबून वाळवायच्या दोन लाकडी जाळ्या आणि रद्दी वर्तमानपत्रांचा गठ्ठा एवढे सामान होते. कंडक्टरने जाळ्यांकडे बघून विचारले, "बाई, खाट मोडून आणली का काय?"

मी सांगितले, की यात पाने-फुले दाबून वाळवतात, म्हणजे ती वर्षानुवर्षे टिकतात.

"म्हणजे झाडपाल्याची इस्त्री," असे म्हणून त्याने तिकीट फाडले आणि जाळ्या स्वतःच वर टपावर चढवल्या.

एकाहत्तर सालचा जानेवारी महिना होता. मी पुण्यात एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. आमच्याच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या दामले सरांना एका वेलीचा पाला हवा होता. या वेलीला आपल्याकडे बेडकी म्हणतात, कुठे कावळी म्हणतात. संस्कृतात तिला मेषशृंगी असे नाव आहे आणि औषधांच्या दुकानात ती गुडमार म्हणून विकली जाते. गुडमार म्हणजे गोड मारणारी. हिचे पान चावून वर साखर खाल्ली तर साखर वाळूसारखी लागते. पानातल्या ज्या द्रव्यामुळे हे घडते ते वेगळे काढून बघायचे, असे सरांच्या मनात होते. बाजारातला पाला चुरलेला असतो आणि त्यात काय मिसळले असेल ते सांगता येत नाही. म्हणून वेल डोळ्यांनी बघून, ओळखून, तिचाच पाला आणायचे काम माझ्याकडे आले. ती सह्याद्रीच्या रानात सापडते. नगर जिल्ह्याचा अकोले तालुका मला सोयीचा होता, कारण वाटेत कोल्हारला माझी मावशी राहते.

शिरूर सोडले की हवा कोरडी होत जाते. सुप्याच्या पुढे दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती आणि बांधांवर हुरड्याचे धूर निघत होते. नगरला गाडी बदलली. राहुरीनंतर उसाच्या बैलगाड्या लागल्या आणि मग कोल्हारच्या अलीकडेच गुळाचा वास खिडकीतून आत आला. शेजारच्या बाईंनी डोळे मिटूनच विचारले, "कोल्हार आलं ना?"

मावशीचे यजमान तात्या मला घ्यायला फाट्यावर आले होते. त्यांना मी चार वर्षांनी पाहत होते. तात्या म्हणजे भरदार, हसरा माणूस. स्वतःची ऊसशेती आणि स्वतःचे गुऱ्हाळ. त्यांच्या गुऱ्हाळातला गूळ नगरच्या बाजारात त्यांच्या नावावर विकला जातो. काहिलीतून (रस आटवायच्या मोठ्या कढईतून) उतरलेल्या गुळाचा खडा जिभेवर ठेवून तो कुठल्या वावरातल्या उसाचा आहे हे ते सांगतात, असे गावात बोलले जाते. ते तात्या आता अर्ध्यावर आले होते. सदरा खांद्यावरून लोंबत होता. बोलणे मात्र तेच.

"ये, प्रोफेसरीणबाई. ही काय, तिरडी बांधून आणली काय?" जाळ्या काखोटीला मारत ते म्हणाले.

घरी पोहोचल्यावर त्यांनी एका दमात दोन तांबे पाणी प्यायले. त्यांना मधुमेह झाल्याचे आईकडून मी ऐकले होते. मावशी त्यांना रोज इन्शुलिनची सुई टोचते, हेही ठाऊक होते. जेवताना बाजरीची भाकरी, वांग्याचे भरीत आणि ओल्या हरभऱ्याची आमटी होती. मी कशासाठी आले आहे हे सांगितले तेव्हा तात्यांचा घास हातातच राहिला.

"बेडकी? अगं, त्याच पाल्यानं तर मी बरा झालो."

हात धुऊन त्यांनी कोनाड्यातून एक पुरचुंडी काढली. यात्रेत एका जडीबुटीवाल्याकडून त्यांनी ती घेतली होती. मी वाळलेली पाने पाण्यात भिजवून उलगडली आणि भिंगाखाली धरली. पान लहान, लांबट गोल, दोन्ही बाजूंनी मऊ लव. देठाजवळ समोरासमोर जोडी. पाला खरा होता.

"खरा हाय ना?" तात्या म्हणाले. "आता ऐक. हा पाला चावला, की गुळाची माती हुती तोंडात. मग मला सांग, जो पाला जिभंवरची साखर मारतो, त्यो रक्तातली मारणार न्हाई व्हय?"

मी त्यांना सांगितले, की जिभेवर काय होते ते नक्की माहीत आहे. रक्तात काय होते हे अजून कोणी पक्के सांगितलेले नाही. मधुमेहासाठी हा पाला जुने वैद्य वापरत आले आहेत, पण तो किती द्यायचा, कोणाला लागू पडतो, किती दिवस, याचा हिशेब कोणाजवळ नाही.

"तुमचा हिशेब हुईपर्यंत आमचं काम झालं," असे म्हणून ते हसले. "येताना माझ्यासाठी गोणीभर ताजा आण."

मावशी ताटे उचलत होती. दुसऱ्या दिवशी ती मला संगमनेरच्या गाडीवर बसवायला आली. गाडी हलताना खिडकीला हात लावून ती म्हणाली, "येताना उशीर करू नको गं." एवढेच. मला वाटले, भाची थोडे दिवस राहावी म्हणून म्हणत असेल.

संगमनेरहून अकोले, अकोल्याहून राजूर. रस्ता प्रवरेच्या सोबतीने वर चढतो. खाली जी नदी उसाच्या मळ्यांतून रुंद वाहते ती इथे खडकांतून उड्या मारत येते. राजूरला उतरले तेव्हा दुपार झाली होती. चहाच्या टपरीवर मी बेडकीची चौकशी केली. टपरीवाला मला मागे घेऊन गेला आणि कुंपणावरची एक दुधाळ वेल दाखवून म्हणाला, "ही काय. न्या की गाडीभर." पान मोठे होते, गुळगुळीत, लव अजिबात नाही. ती हिरणदोडी निघाली. दोघी एकाच कुळातल्या, रुईच्या. त्यामुळे दूध दोघींनाही येते आणि शेंगा फुटल्यावर दोघींच्याही बियांना रेशमी शेंडी असते. माणसे फसतात ती इथेच.

"चावून बघा की," टपरीवाला म्हणाला.

मी नको म्हटले. अनोळखी दुधाळ वेलीचा पाला तोंडात घालायचा नाही, हे आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतो. त्याला वाईट वाटले असावे, पण त्यानेच मग भंडारदऱ्याच्या बाजूच्या एका वाडीवरच्या तुळसाबाईंचे नाव सांगितले. त्या रानातून औषधी पाला काढून व्यापाऱ्याला देत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या गाडीतून आणि मग पायी त्या वाडीवर पोहोचले. भातखाचरे कापून मोकळी झाली होती. मागे काळाभोर डोंगर, खाली धरणाचे निळे पाणी. तुळसाबाई महादेव कोळी समाजातल्या, पन्नाशीच्या, बारीक चणीच्या. अंगणात नाचणी पाखडत होत्या. मी आल्याचे कारण सांगितल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

"त्या नाशिकच्या व्यापाऱ्याकडून आलात का?"

"नाही. पुण्याच्या कॉलेजातून."

"मंग ठीक हाये. त्याला मुळासकट पायजे. मी म्हटलं, मूळ काढलं तर पुढल्या साली मी काय तुझ्या गाडीचं चाक इकू? तवापास्नं तो दुसऱ्या बायांकडं जातो." त्यांनी सूप खाली ठेवले. "तुमाला जागा दावते. पन त्याला सांगू नका."

मी कबूल केले. म्हणून या लेखात त्या वाडीचे नाव नाही.

आम्ही कारवीतून चढत गेलो. करवंदीच्या एका मोठ्या जाळीवर ती वेल पसरली होती. खोड बोटाएवढे जाड, लाकडासारखे टणक, कोवळ्या फांद्यांवर लव. फुले या दिवसांत नसतात. ती अगदी बारीक, पिवळी, झुबक्यांनी येतात. शेंगा मात्र होत्या. टोकाला निमुळत्या होत गेलेल्या, एखाद्या छोट्या शिंगासारख्या. मेषशृंगी, म्हणजे मेंढ्याचे शिंग, हे नाव ज्याने ठेवले त्याने ही शेंग हातात धरून ठेवले असणार. मी शेंगेसह दोन फांद्या कागदात दाबून लाकडी जाळीत बांधल्या. पाला आम्ही दोघींनी मिळून खुडला. तुळसाबाई प्रत्येक फांदीवर शेंड्याची पाने ठेवून देत होत्या.

काम संपल्यावर मी चार पाने चावली. चव कडवट, थोडी तुरट. तुळसाबाईंनी कनवटीची मधाची बाटली काढून थेंब माझ्या बोटावर टाकला. तो जिभेवर पसरला तो नुसता कोमट तेलासारखा. वास मधाचा, पण गोडी नाही. त्यांना माझा चेहरा बघून हसू आले. मग त्यांनी मीठ दिले. ते खारट लागले. वाटेत तोडलेला आवळा आंबट लागला. बाकीच्या चवी जागेवर होत्या, एक गोड तेवढे निघून गेले होते.

"तुम्ही हा कशाला वापरता?" मी विचारले.

"गळ्याला, जांघंत गाठ आली तर पाला वाटायचा, एरंडेलात कालवून बांधायचा. साप डसला तर मूळ उगाळून लावायची माझी सासू. त्यातनं कोन वाचलं, कोन गेलं, ते मी बघितलंय. वाचलेल्याला बेडकीनं वाचवलं का सापानं सोडलं, ते काय सांगाव?"

"आणि साखरेच्या आजाराला?"

"आमच्यात साखर सनाला येती. तो आजार मी पाहिला न्हाई. व्यापारी म्हनतो, त्याच्यासाठी नेतो. खरं खोटं त्याला ठावं."

त्यांच्या घरी नाचणीची भाकरी आणि हुलग्याचे कालवण जेवले. भाकरीशी खायला त्यांनी गुळाचा खडा दिला. तोवर पाऊण तास होऊन गेला होता आणि गोडी हळूहळू परत येत होती. गूळ आधी फिका लागला, शेवटच्या घासाला गोड. निघताना मी पाल्याचे पैसे दिले. त्यांनी ते न मोजता कमरेला लावले आणि गोणी डोक्यावर घेऊन सडकेपर्यंत सोबत आल्या.

परतीच्या वाटेवर अकोल्याच्या पुढे गाडीचा पाटा तुटला. दुसरी गाडी येईना. रात्र मी संगमनेरला काढली आणि एक दिवस उशिरा, दुपारी कोल्हारला पोहोचले. घराला कुलूप होते. शेजारणीने सांगितले, सगळी गुऱ्हाळावर आहेत.

गुऱ्हाळ नदीच्या अंगाला होते. चरकावर बैल फिरत होते. चुलाणात (गुऱ्हाळाच्या जमिनीतल्या भट्टीत) चिपाडे आणि बाभळीचे ओंडके धडधडत होते आणि काहिलीतला रस सोनेरी होऊन खदखदत होता. पाच-सहा शेतकरी मंडळी उभी होती. मला गोणीसह बघितल्याबरोबर तात्यांनी हात वर केला.

"आली बघा आमची भाची. मी सांगत हुतो ना, कॉलेजात याच पाल्यावर शिकवती म्हणून. आता तुमाला डोळ्यांदेखत दावतो."

ते म्हणाले त्यात खोटे काही नव्हते, पण त्यातून ऐकणाऱ्यांनी काय घ्यावे हे मला आवडले नाही. त्या मंडळींत एकाला नुकताच मधुमेह निघाला होता आणि तो डोळे मोठे करून ऐकत होता. मी म्हणाले, "तात्या, मी जिभेबद्दल सांगितलं होतं, आजाराबद्दल नाही." पण चरकाच्या आणि जाळाच्या आवाजात ते कोणाच्या कानावर गेले नाही.

गुऱ्हाळात कोणी वहाणा घालत नाही. तात्या अनवाणीच चुलाणापाशी उभे होते. त्यांनी ताजी पाने तोंडात टाकली, सावकाश चावली आणि पाणी प्यायले. मग गुळव्याने (गूळ करणाऱ्या कारागिराने) साच्यातला कोमट गूळ त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो खाल्ला.

"माती," ते म्हणाले. "नुसती चिकणमाती."

मंडळी हसली. एकाने स्वतः पाने मागितली. तेवढ्यात मला वास आला. गुळाचा नव्हे. केस किंवा कातडे जळते तसा. मी काहिलीकडे पाहिले, मग बैलांकडे, मग खाली. चुलाणातून ओढून बाहेर टाकलेला बाभळीचा एक निखारा तात्यांच्या उजव्या पायाखाली होता. त्यांच्या बोटांखालून बारीक धूर निघत होता आणि ते त्यावर उभे राहून बोलत होते.

मी त्यांना दंडाला धरून मागे ओढले. ते चिडले. "काय झालं तुला?"

"पाय बघा."

त्यांनी पाहिले. सगळ्यांनीच पाहिले. गुळव्याने धावत जाऊन पाण्याची कळशी आणली. तात्या खाटेवर बसले आणि पाय मांडीवर उलटा घेऊन बघू लागले, जणू तो दुसऱ्या कोणाचा असावा. तळव्याचे कातडे भाजले होतेच, पण करंगळीच्या आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या बेचक्यात एक जुनी जखम होती. तिच्या कडा काळ्या पडल्या होत्या.

"हे कधीचं?" मी विचारले.

"उसाचं बुरखंडं (कापलेल्या उसाचा बुडखा) लागलं असंल. दुखत न्हाई काई."

मावशी चिपाडांच्या ढिगापाशी उभी होती. ती तिथूनच म्हणाली, "सुमन, त्यांनी सुई सोडलीया. दिवाळीपासनं."

बैलगाडीतून आम्ही त्यांना घरी आणले. घरी आल्यावर मावशीने फडताळातून एक पत्र्याचा डबा काढला. नगरच्या डॉक्टरांनी दिलेले लघवी तपासायचे सामान त्यात होते. एक काचेची नळी, स्पिरिटचा दिवा आणि निळ्या द्रावणाची बाटली. या निळ्या पाण्यात मोरचुदाचे तांबे असते. त्यात लघवीचे थेंब टाकून तापवायचे. साखर नसेल तर रंग निळा राहतो. थोडी असेल तर हिरवट, मग पिवळा, नारिंगी, आणि पुष्कळ असेल तर विटेसारखा लाल गाळ बसतो. कॉलेजात हा प्रयोग मी विद्यार्थिनी असताना द्राक्षाच्या रसावर केला होता.

तात्यांच्या लघवीचे थेंब टाकून मी नळी दिव्यावर धरली. तात्या पलंगावरून बघत होते. निळे पाणी मध्ये कुठे थांबलेच नाही. एकदम गढूळ झाले आणि लाल झाले.

"बाटली शिळी झाली असंल," तात्या म्हणाले. "दिवाळीपासनं पडून हाय."

शंका रास्त होती. प्रयोगशाळेत माझ्या एखाद्या विद्यार्थ्याने ती काढली असती तर मी त्याचे कौतुक केले असते. मी नळी स्वच्छ धुतली, मोरीत जाऊन माझी लघवी घेऊन आले आणि त्यांच्यासमोर त्याच बाटलीतले द्रावण घालून तापवली. पाणी उकळले आणि निळेच राहिले.

तात्यांनी वाकून नळी जवळून बघितली. मग म्हणाले, "मग पाला खोटा?"

"पाला खोटा नाही. तो जिभेवर गोड कळू देत नाही, एवढं तो खरंच करतो. जिभेवर गोड ओळखायच्या जागा असतात, त्या तो थोडा वेळ अडवून धरतो. पण गूळ पोटात गेला की तो गूळच असतो. त्याची साखर होते आणि ती रक्तात जाते."

"म्हंजी गूळ हाय तिथंच हाय," ते सावकाश म्हणाले. "मलाच कळंना."

माझी नजर त्यांच्या पायाकडे गेली. त्यांनी स्वतःच धोतराचे टोक ओढून पाय झाकला.

दुसऱ्या दिवशी पहाटे शेजाऱ्यांचा ट्रक गुळाच्या ढेपा घेऊन नगरला निघाला. तात्यांना आम्ही ड्रायव्हरच्या शेजारी बसवले. मावशी आणि मी मागे, गोणपाटात गुंडाळलेल्या ढेपांना टेकून बसलो. थंडी कडक होती. राहुरीच्या पुढे ऊन वर आले तेव्हा मावशी बोलू लागली.

"तुला त्याच दिशी सांगणार हुते. तोंडाशी आलं हुतं."

"मग का नाही सांगितलंस?"

ती मागे पळणाऱ्या रस्त्याकडे बघत म्हणाली, "दोन वर्सं रोज सुई उकळायची, भरायची, टोचायची. टोचताना ते डोळं मिटायचे आन माझा हात कापायचा. रोज वाटायचं, आज चुकंल. दिवाळीला ते म्हणाले, बास, आता पाला घेतो. मी म्हणाले, बरं. मला मोकळं झाल्यागत वाटलं, सुमन. म्हणून बोलले न्हाई."

मी तिच्या अंगावर माझी शाल टाकली. ती तिने निम्मी माझ्या अंगावर ओढली.

नगरच्या दवाखान्यातले डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी पाय पाहिला, टाचणीने तळव्याला ठिकठिकाणी टोचले आणि विचारले, "कळतंय?" तात्यांना घोट्याच्या वरपर्यंत काहीच कळत नव्हते.

"ओ डॉक्टर, मला दुखलंच न्हाई," तात्या म्हणाले. "दुखलं असतं तर आलो नसतो काय?"

"दुखत नाही हेच तुमचं दुखणं आहे," डॉक्टर म्हणाले. "साखर वाढलेली राहिली की पायाच्या शिरा बधिर होतात. पाय वाचेल. दोन बोटं जातील. आठवडाभर उशीर केला असता तर मी हे बोललो नसतो."

तात्यांनी पाल्याबद्दल विचारले. मला वाटले, डॉक्टर रागावतील. ते रागावले नाहीत. म्हणाले, "पाल्यात काही असेलही. उद्या त्यातून औषध निघालं तर मीच तुम्हाला देईन. पण आज माझ्याकडे जे माहीत आहे ते सुईत आहे."

बोटे काढली त्या दिवशी मावशी आणि मी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून होतो. नंतरचे काही दिवस मी नगरलाच राहिले. सकाळी दवाखाना, दुपारी कापडबाजारात चक्कर, येताना मावशीसाठी गरम भजी. पाल्याची गोणी मी दवाखान्याच्या गच्चीवर सावलीत पसरून वाळवली. तिथली एक परिचारिका रोज येऊन दोन पाने चावून जाई आणि वॉर्डातल्या इतर बायकांना साखर चाटवून हसवी.

मी निघायच्या आदल्या दिवशी तात्यांनी मला जवळ बोलावले. जखम भरू लागली होती आणि तोंडावर थोडे तेज आले होते.

"सुई कशी भरायची ते मला शिकव," ते म्हणाले. "हिच्या हातून नको आता."

खरे तर ते काम परिचारिकेचे होते. तिला बोलावले. तिने दाखवले, बाटली तळहातात कशी फिरवायची, हवा कशी काढायची, मांडीचे कातडे चिमटीत कसे धरायचे. तात्यांनी सगळे नीट पाहिले. मग सुई हातात घेतली. मावशी उठून खिडकीपाशी गेली आणि बाहेर बघू लागली. तात्यांनी या वेळी डोळे मिटले नाहीत. सुई टोचली, दट्ट्या दाबला, सुई काढली आणि कापसाचा बोळा धरून म्हणाले, "झालं. वळ आता इकडं."

मावशी वळली. तिने पदराने तोंड पुसले आणि त्यांच्यासाठी बिनसाखरेचा चहा आणायला गेली.

पुण्यात परतल्यावर दामले सरांनी पाला ताब्यात घेतला. पाने गरम पाण्यात उकळून काढा गाळला. तो बाटलीत भरून हलवला तर रिठ्याच्या पाण्यासारखा भरपूर फेस आला. हा फेस बघितला की रसायनशास्त्रज्ञाला कळते, की द्रव्य रिठ्याच्या जातीचे आहे. मग त्यात आम्ल थेंब थेंब घातले तेव्हा तळाशी मळकट हिरवा साका बसू लागला. जिभेची गोडी मारणारे द्रव्य ते हेच. ते एकच एक नसून मिळतीजुळती अनेक द्रव्ये आहेत, असे सर म्हणतात. ती एकमेकांपासून सोडवणे अवघड आहे आणि ते काम अजून चालू आहे. ती रक्तातल्या साखरेवर काय करतात हे मी त्यांना पुन्हा विचारले. त्यांनी खांदे उडवले. "अजून माहीत नाही," म्हणाले.

मी शेंगेसह दाबलेली फांदी जाड कागदावर शिवली आणि खाली चिठ्ठी लावली. वेलीचे नाव, तालुका, महिना, आणि तुळसाबाईंनी सांगितले ते उपयोग त्यांच्या नावासह. वाडीचे नाव घातले नाही.

तात्या आता दोन बोटे कमी असलेल्या पायात जाड तळव्याची वहाण घालून गुऱ्हाळावर जातात. गुऱ्हाळात वहाण चालत नाही, हा नियम त्यांनी स्वतःसाठी मोडला. गुळाची परीक्षा आता मावशी करते. आईकडून कळले, की तिची जीभ तात्यांपेक्षा तिखट निघाली आहे आणि त्यामुळे गुळव्याचा जीव मेटाकुटीला आला आहे.

दर वर्षी रुईचे कुळ शिकवताना मी वर्गात बेडकीचा पाला वाटते. मुले पाने चावतात, वर साखर खातात, एकमेकांकडे बघतात आणि कोणीतरी हमखास विचारते, "बाई, मग ही मधुमेहावर चालत असेल ना?" मी त्यांना बसून राहायला सांगते. गोडी परत यायला अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढ्या वेळात तात्यांची गोष्ट सांगून होते.